दारावरची बेल कोणाच्या हाती?

सणाला गावी आलेल्या मुलाने परत कामावर जाताना घरात एखादी नवी वस्तू बसवून जावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. पूर्वी रेडिओ आला, मागाहून टीव्ही आला, मग कपडे धुण्याचे यंत्र आले. अलीकडे या यादीत कॅमेऱ्याच्या बेलची भर पडली आहे. बेळगाव-खानापूरकडील घरांच्या चौकटीला काय, किंवा गोव्यातील घरांच्या बल्कांवांत काय, तीन बोटे रुंदीची एक काळी डबी आता दिसू लागली आहे. घरभेटीस जाणाऱ्या आमच्यासारख्यांस तर तिची चांगलीच ओळख झाली आहे. बटण दाबावे, तो आतून आजीबाई 'कोण आहे?' म्हणण्यापूर्वीच डबीतून आवाज येतो, "फादर, जरा थांबा, आई परसात असेल, तिला फोन करतो." बोलणारा असतो मस्कतला किंवा कुवेतला, आई असते विहिरीवर, आणि आम्ही मधल्यामध्ये उभे!

यात हसण्यासारखे पुष्कळ आहे, तसेच विचार करण्यासारखेही आहे. दाराशी कोण आले हे दाराआड राहणाऱ्या माणसास शेवटी कळावे आणि हजार मैलांवरच्या माणसास आधी कळावे, ही व्यवस्था उलटी आहे. यात वस्तूला दोष देता येत नाही. ती बसविताना एक काम अर्धवट राहून गेलेले असते, ते म्हणजे घरातील इतर माणसांस तिच्यात वाटा देण्याचे. हा वाटा कसा द्यावा, कोणास द्यावा, कितपत द्यावा व कधी काढून घ्यावा, याविषयी आज लिहावयाचे योजिले आहे.

दाराआडून बाहेरच्यास पाहण्याची ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक परिचारिका राहत असे. तिचे पती आल्बर्ट हे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. दोघांच्याही कामाच्या वेळा विचित्र, त्यामुळे मेरीबाईंस कित्येक रात्री घरी एकटीने काढाव्या लागत. वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि बोलाविले तरी पोलीस लवकर येत नसत. तेव्हा दोघांनी मिळून एक योजना आखली. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोके, त्यांतून पाहणारा वरखाली सरकता कॅमेरा, आत खोलीत टीव्हीचा पडदा, आलेल्याशी बोलण्याची सोय आणि बसल्या जागेवरून दार उघडण्याची कळ. 1966 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि 2 डिसेंबर 1969 रोजी ते मिळाले. या योजनेत पाहण्याचा पडदा घराच्या आत होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. जी बाई दाराआड एकटी होती, तिच्याच हाती ती सोय होती.

आजच्या बेलमध्ये तो पडदा घराबाहेर पडून खिशात जाऊन बसला आहे. अमेरिकेत जेमी सिमिनॉफ यांनी 2013 साली 'डोअरबॉट' नावाची बेल बाजारात आणली. तिचेच पुढे 'रिंग' असे नामकरण झाले, आणि 2018 साली ॲमेझॉनने ती कंपनी विकत घेतली. गूगलची 'नेस्ट' आहे, आपल्या देशात हिरो समूहाची 'क्यूबो' आहे, आणखीही आहेत. नाव कोणतेही असो, रचना थोड्याफार फरकाने एकच. डबीत लहानसा कॅमेरा, ऐकण्यासाठी माईक, बोलण्यासाठी स्पीकर, आणि समोर हालचाल झाल्याचे ओळखणारा एक भाग. बटण दाबले किंवा कोणी समोरून गेले, की घरातील वाय-फायवरून चित्र निघते, इंटरनेटने कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जाते आणि तेथून फोनवर येते. आपल्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे चित्र असा लांबचा प्रवास करून परत आपल्याच माजघरात पोचते. मात्र ज्याचा फोन तेथे नोंदलेला असेल, त्यालाच ते पोचते.

बेल बसविताना ज्याने आपल्या फोनवर ॲप घेऊन आपल्या नावाने खाते उघडले, तो तिचा मालक ठरतो. येथे मालक म्हणजे पैसे दिले तो किंवा सातबारावर नाव आहे तो, असे नव्हे. ज्याच्या खात्याशी ती जोडली, तो. आपल्याकडे बहुधा परदेशी असलेला मुलगाच हे सर्व करतो, कारण त्यालाच ते येते. दोन आठवड्यांची रजा संपते, तो विमानात बसतो, आणि दाराचे मालकपण त्याच्याबरोबर विमानात बसते. मागे राहिलेल्या आईबाबांच्या हाती उरते ती भिंतीवरची डबी.

काही घरांत यावर एक तोड काढलेली असते. मुलगा आपला ईमेल आणि पासवर्ड एका कागदावर लिहून तो भिंतीवरच्या कॅलेंडरमागे टाचून जातो. सून त्यानेच आत शिरते, धाकटा भाऊही त्यानेच, दुपारी आलेला भाचाही त्यानेच. ही तोड वरवर सोयीची दिसते. परंतु तिच्यामुळे सर्वचजण मालक होतात. भाच्याने खेळता खेळता सूचना बंद केल्या तर त्या का बंद झाल्या हे कोणास कळत नाही. शिवाय एकच पासवर्ड माणसे अनेक ठिकाणी वापरतात, आणि एका ठिकाणाहून तो चोरीस गेला की सगळी दारे उघडी पडतात. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात एका आठ वर्षांच्या मुलीच्या खोलीतील रिंगच्या कॅमेऱ्यातून एक परका माणूस तिच्याशी बोलू लागला होता. दुसरीकडून फुटलेले पासवर्ड अशा प्रकारांच्या मुळाशी असल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले. त्यानंतर फेब्रुवारी 2020 मध्ये रिंगने पासवर्डच्या जोडीला फोनवर येणारा अंकही सर्वांस सक्तीचा केला. आता हा अंक कोणाच्या फोनवर येणार? मालकाच्या. येथे सकाळचे अकरा वाजलेले असतात तेव्हा टोरांटोत मध्यरात्र उलटून गेलेली असते. म्हाताऱ्या वडिलांनी नव्या फोनवर ॲप सुरू करावे आणि अंकासाठी मुलास झोपेतून उठवावे, असे ते चालते.

योग्य मार्ग वेगळा आहे, आणि तो कठीणही नाही. मालकाने आपल्या ॲपमध्ये जाऊन घरातील माणसाचा ईमेल किंवा फोन नंबर घालावा व त्यास आमंत्रण पाठवावे. त्या माणसाने आपल्या फोनवर तेच ॲप घ्यावे, आपल्या नावाने, आपल्या पासवर्डाने खाते उघडावे आणि आमंत्रण स्वीकारावे. एवढ्याने तो सहभागी होतो. मालकाचा पासवर्ड मालकापाशीच राहतो. रिंगच्या बेलमध्ये अशा सहभाग्यास दारासमोरचे चालू चित्र पाहता येते, आलेल्याशी बोलता येते, आणि वर्गणी भरलेली असल्यास मागील चित्रफितीही पाहता येतात. बेलच्या मांडणीत फेरफार करणे आणि आणखी कोणास आमंत्रण देणे हे मात्र मालकाकडेच राहते. गूगलच्या ॲपमध्ये पूर्वी घरात सामील केलेल्या प्रत्येकास जवळजवळ मालकाइतकाच अधिकार मिळत असे. आता तेथेही व्यवस्था पाहणारा आणि साधा सदस्य असा भेद झाला आहे. घेतलेल्या बेलमध्ये सहभाग्यास नेमके काय काय मिळते, हे आमंत्रण पाठविण्यापूर्वी वाचून घ्यावे.

दिलेला वाटा परत घेण्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. 2018 साली अमेरिकेतील वृत्तपत्रांतून मायामी शहरातील एका घराची हकीकत आली होती. घरातील दोघांचे संबंध तुटले. घरात राहिलेल्याने बेलचा पासवर्ड बदलला आणि तो निश्चिंत झाला. परंतु निघून गेलेल्या माणसाच्या फोनवर ॲप आधीपासून उघडे होते. पासवर्ड बदलूनही त्या फोनास कोणी बाहेर काढले नाही, आणि कोण येते, कोण जाते हे तो माणूस पुढेही पाहत राहिला. कंपनीने नंतर यात सुधारणा केली. परंतु पासवर्ड बदलणे आणि माणसास यादीतून काढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपणही समजून घेतले पाहिजे. प्रत्येकास त्याच्या नावाने सामील केलेले असेल तर त्याचे नाव पुसणे एका मिनिटाचे काम आहे. वरची खोली सोडून गेलेला भाडेकरू, काम सोडून गेलेली बाई, लग्नात चार दिवस मदतीस आलेला नात्यातला मुलगा, यांची नावे त्या यादीत तशीच राहिलेली आढळतात. जुना फोन विकताना किंवा कोणास देताना त्यातील ॲपमधून बाहेर पडावयाचे राहून जाते, तेही याच जातीचे.

गोव्यातून गेलेली पुष्कळ कुटुंबे इंग्लंडात स्विंडन शहरात राहतात. तेथे नवीन गेलेला माणूस बहुधा दुसऱ्यांबरोबर एकाच घरात खोली घेऊन राहतो. अशा घरात बेल एक आणि बिऱ्हाडे तीन असली, तर पाहण्याचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न रोजचा होतो. एकाच बिऱ्हाडाच्या हाती सर्व चित्रे असली तर उरलेल्यांच्या रात्रपाळीच्या वेळा, पाहुणे, डाकेने आलेली पार्सले, सर्व त्या एकास ठाऊक होते. खोली घेतानाच हे विचारून घ्यावे.

येथपर्यंत सोयीची गोष्ट झाली. आता जी गोष्ट आम्हांस अधिक बोचते ती सांगतो. दारावरची बेल बाहेरून येणाऱ्यास पाहते हे खरे, परंतु आतून बाहेर जाणाऱ्यासही ती तितक्याच चोखपणे पाहते. तिच्याजवळ वेळेसह नोंद राहते. सून सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी बाहेर पडली, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी परतली, बरोबर कोण होते, हातात काय होते, हे सर्व. नवरा दुबईत, फोन त्याच्या हातात, आणि प्रत्येक वेळी बायको उंबरा ओलांडते तेव्हा त्याच्या फोनवर टुणकन सूचना वाजते. संध्याकाळच्या बोलण्यात मग हळूच प्रश्न येतो, "आज दुपारी कोठे गेली होतीस?" विचारणारा प्रेमानेही विचारीत असेल. परंतु उत्तर देणारीस प्रत्येक दिवशी हिशेब द्यावा लागत असेल, तर त्या घरात सुख कसे नांदावे? अशी घरे आमच्या पाहण्यात आहेत. त्यांची नावे आम्ही घेणार नाही. घरातल्यांनीही ती उच्चारली नव्हती. फक्त एक बाई पुढचे दार सोडून मागच्या दाराने ये-जा करू लागली होती.

आमचे स्पष्ट मत असे की, बेल बसविण्यापूर्वी घरातील प्रत्येक प्रौढ माणसास विचारावे, आणि जो पाहील तो कोणास पाहील हे उघड सांगावे. पाहण्याचा अधिकार नवऱ्यास असेल तर तोच बायकोसही असावा, सासूबाईंस असेल तर सुनेसही असावा. एकाने पाहावयाचे आणि दुसऱ्याने नुसते पाहिले जावयाचे, अशी वाटणी नसावी. पुष्कळ बेलमध्ये हालचालीची सूचना बंद ठेवून केवळ बटण दाबल्यावरच फोन वाजेल अशी योजना करता येते. परदेशी असलेल्याच्या फोनपुरती तरी ती करावी. पाहुणा आला तर त्यास कळेल. बायको भाजी आणावयास गेली हे कळण्याची त्यास गरज नाही. जुन्या चित्रफिती किती दिवस ठेवावयाच्या हेही मालकास ठरविता येते. रिंगमध्ये हा काळ अमेरिकेत एरवी 60 दिवस व युरोपात 30 दिवस असतो, आणि तो 180 दिवसांपर्यंत वाढविता किंवा कमीही करता येतो. सहा महिन्यांच्या ये-जा पाहून घरगुती कामासाठी कोणाचे काय अडते, हे आम्हांस उमगत नाही.

हा केवळ आमचा पाळकी कळवळा आहे असे कोणी समजू नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. 2025 साली कोलकात्यातील एका घराचा तंटा न्यायालयापुढे आला. भाऊ-भाऊ एकाच वास्तूत राहणारे, आणि एकाने राहत्या भागात कॅमेरे बसविलेले. दुसऱ्या सहनिवाशाच्या संमतीवाचून तसे कॅमेरे चालविणे हा त्याच्या खाजगीपणाचा भंग आहे, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने ठरविले. त्या निर्णयात ढवळाढवळ करण्याचे सर्वोच्च न्यायालयानेही नाकारले. ती बेल नव्हती, घरातील कॅमेरे होते. तरीही एका छपराखाली राहणाऱ्यांनी एकमेकांस विचारावयास हवे, हे सूत्र उंबऱ्यापाशी येऊन थांबत नाही. दुसरीकडे, 2023 साली झालेला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा माणसाने निव्वळ घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीस लागू होत नाही. तेव्हा घरातल्या घरात हे नीट ठेवण्याचा भार घरावरच आहे.

ऐकण्याचा भाग तर पाहण्याहूनही नाजूक. आपल्याकडे दाराजवळच ओटा किंवा बल्कांव असतो, आणि संध्याकाळी चार बायका तेथेच बसून सुखदुःखाचे बोलतात. बेलचा माईक त्यांचेही बोलणे टिपतो, आणि सहभागी असलेला प्रत्येकजण ते ऐकू शकतो. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये शेजाऱ्यांच्या एका वादात, अशा बेलने व कॅमेऱ्यांनी शेजारणीच्या खाजगी माहितीच्या हक्काचा भंग झाला असे ठरविले. दूरवरचे बोलणे टिपले जाणे हे चित्रापेक्षाही अधिक आक्षेपार्ह आहे, असे न्यायाधीशांनी त्यात म्हटले. रिंगसारख्या बेलमध्ये आवाजाची नोंद बंद करण्याची सोय असते. ती बंद केली तर दाराचे रक्षण काही कमी होत नाही, आणि ओट्यावर बसणारी शेजारीण मोकळेपणी बोलू शकते.

कंपनीवर किती विसंबावे हेही जाणून असावे. 31 मे 2023 रोजी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंगविरुद्ध कारवाई जाहीर केली. ग्राहकांची खाजगी चित्रे कर्मचाऱ्यांस व कंत्राटी कामगारांस पाहता येत होती, आणि 2017 साली एका कर्मचाऱ्याने स्त्रियांच्या घरांतील हजारो चित्रफिती पाहिल्या, असे आरोपपत्रात होते. कंपनीने 58 लाख डॉलर देण्याचे मान्य करून प्रकरण मिटविले. ती चित्रे घराच्या आतील कॅमेऱ्यांची होती. तेव्हा दारावरची डबी दारावरच ठेवावी, तिची भावंडे झोपण्याच्या खोलीत आणू नयेत.

आता मालकपणाविषयी. ते घरात राहणाऱ्याच्याच नावे असावे असे आम्ही सुचवितो. आईच्या किंवा सुनेच्या फोनवर खाते उघडावे, आणि परदेशी असलेल्या मुलास सहभागी करून घ्यावे. तो तेथून सल्ला देईल, प्रसंगी बोलेल, परंतु किल्ली घरात राहील. आईस हे जमणार नाही असे मुलगे म्हणतात. वस्तुतः ज्या बाया फोनवर मुलाचा चेहरा पाहून रोज तासभर बोलतात, त्यांना आमंत्रण पाठविणे एका दुपारी शिकविता येते. यास आणखी एक कारण आहे. रिंग आणि नेस्टसारख्या बेल मालकाच्या खात्याशी बांधलेल्या असतात. त्या खात्यातून काढल्यावाचून दुसऱ्यास त्या आपल्या नावे करून घेता येत नाहीत. घर विकले, भाऊ वेगळे झाले, किंवा मालक अकस्मात देवाघरी गेला, तर ती डबी भिंतीवर मुकी होऊन बसते. खात्याचा ईमेल कोणता आणि अंक कोणत्या फोनवर येतो, एवढे तरी घरातील आणखी एका विश्वासू माणसास ठाऊक असावे.

राहता राहिली ज्यांच्याकडे असा फोनच नाही ती माणसे. पुष्कळ घरांत आजी-आजोबाच दिवसभर घरी असतात, आणि बेल मात्र घरी नसलेल्यांच्या खिशात वाजते. त्यांच्यासाठी आत वाजणारी घंटा जोडून घ्यावी. काही बेल जुन्या तारेच्या घंटेस जोडता येतात, काहींबरोबर भिंतीच्या प्लगात लावण्याची वेगळी घंटा मिळते. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्या खोलीजवळ ती लावावी आणि आवाज मोठा ठेवावा. आमच्या भागात पावसाळ्यात वीज तासन्तास जाते. वीज गेली की वाय-फाय बंद पडते, आणि बेलमध्ये बॅटरी असली तरी फोनवर काही पोचत नाही. जून ते सप्टेंबर तर दारावरची जुनी लोखंडी कडीच उपयोगी पडते. बेल बसविताना सुताराने ती काढून माळ्यावर ठेवली असेल, तर पहिल्या पावसाआधी ती पुन्हा ठोकून घ्यावी.